बारामतीचा विद्युत-अभियंता आणि न दिसणारा प्रकाश



आज मी आपल्याशी प्रकाशाविषयी बोलणार आहे. पण आरंभीच एक गोष्ट कबूल करून टाकतो. मी विज्ञानाचा प्राध्यापक नाही. एम. ए. झालेला आणि महाविद्यालयात भूगोल शिकविणारा माणूस आहे. मग हा गृहस्थ प्रकाशाच्या भानगडीत कशाला पडला, असे आपण विचाराल. त्याला कारण झाली माझी एक चूक.

आमच्या स्नेहसंमेलनाची स्मृतिचिन्हे करून घ्यावयाची होती, म्हणून मी कोल्हापुरातल्या एका लहानशा दुकानात गेलो होतो. तेथे आमचाच एक विद्यार्थी दुपारनंतर कामाला असतो. कागल तालुक्यातल्या खेड्यातला मुलगा. सकाळी कॉलेज, दुपारी हे काम. त्याच्यापुढे टेबलाएवढे एक यंत्र होते. यंत्राच्या मागच्या अंगाला हातभर लांबीहून मोठी काचेची नळी, तिच्यात जांभळट गुलाबी उजेड. पुढे ॲक्रिलिकची पाटी ठेवलेली, आणि तिच्यावरून एक लहानसे डोके सरसर फिरत होते. ते जेथून जाई तेथे पाटी सुरीने लोणी कापावे तशी कापली जाई. पाटीवर एक लाल ठिपका पडलेला दिसत होता.

मुलाने विचारले, "सर, ह्यो लाल ठिपकाच कापतोय न्हवं?"

मी अगदी आत्मविश्वासाने सांगितले, "होय तर! तोच लेसर. लाल प्रकाश एका जागी एकवटला की कापतो."

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग भीत भीत म्हणाला, "पण सर, लाल ठिपका बंद केला तरी कापतंय की!" आणि त्याने एक बटण दाबून दाखविले. लाल ठिपका नाहीसा झाला. पाटी मात्र पूर्वीसारखीच कापली जात होती. मग त्याने दुसरा प्रश्न केला, "आणि त्या नळीत असतंय काय? जळतंय काय त्यात?"

मजपाशी उत्तर नव्हते. आणखी एक गोष्ट त्या वेळी माझ्या ध्यानातच आली नाही. यंत्राचे झाकण उघडे होते, आणि तो मुलगा त्यात वाकून पाहत होता. ती गोष्ट शेवटी सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना गाठले. ते हसले आणि म्हणाले, "अहो, लाल ठिपका नुसता नेम धरण्यासाठी असतो. कापणारा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. आणि नळीत जळत काही नाही. तिच्यात किरण देणारा वायू असतो कार्बन डायऑक्साइड."

म्हणजे जुन्या पुस्तकांतला कर्बद्विप्राणिल वायू! आपण श्वासावाटे बाहेर टाकतो तो. मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे की हा वायू जमिनीतून निघणारी उष्णता शोषून घेतो आणि त्यामुळे पृथ्वीचे हवामान तापते. तो पोलाद कापतो, हे मला ठाऊक नव्हते. आणि त्याहून मोठे आश्चर्य पुढेच होते. या वायूपासून लेसर किरण काढून दाखविणारा विद्युत-अभियंता जन्मला आपल्या बारामतीला! बारामती म्हणजे नीरेचा डावा कालवा, ऊस, साखर कारखाने, एवढे मी मुलांना सांगत असे. पण डॉ. कुमार पटेल हे नाव माझ्या तोंडून कधी गेले नव्हते.

तर आज त्यांचीच ओळख करून घेऊ.

चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म २ जुलै १९३८ रोजी बारामतीस झाला. कोल्हापूरकरांनी ही तारीख आणखी एका कारणाने लक्षात ठेवावी. त्याच महिन्यात, अवघ्या सतरा दिवसांनी, १९ जुलै १९३८ रोजी आपल्या कोल्हापुरात डॉ. जयंत नारळीकर जन्मले. एकाने ताऱ्यांकडून येणाऱ्या प्रकाशाचा विचार केला, तर दुसऱ्याने पृथ्वीवर नव्या जातीचा प्रकाश निर्माण केला.

पटेल पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि १९५८ साली दूरसंचार शाखेची बी. ई. पदवी घेऊन बाहेर पडले. त्या वेळी शिवाजी विद्यापीठ निघावयाचे होते, ते निघाले १९६२ साली. तेव्हा १९५८ मध्ये कोल्हापूरचे विद्यार्थी आणि पटेल एकाच पुणे विद्यापीठाचे पदवीधर होत होते. पुढे ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. १९५९ साली तेथली एम. एस. आणि १९६१ साली पीएच. डी. त्यांनी मिळविली, दोन्ही विद्युत अभियांत्रिकीतच. त्याच वर्षी ते न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. ही मूळ टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली येथेच लागला. आपला हाताएवढा रेडिओ झाला तो त्या ट्रान्झिस्टरमुळे.

आता कोणी म्हणेल, टेलिफोनच्या कंपनीला प्रकाशाशी काय करावयाचे आहे? पण रेडिओची लहर आणि प्रकाश ही सख्खी भावंडे आहेत. दोन्ही विद्युत-चुंबकीय लहरीच. रेडिओची लहर लांब, प्रकाशाची फार आखूड. रेडिओची लहर आपल्या ताब्यात असते, तिला शिस्त असते, म्हणून तिच्यावर माझा आवाज स्वार होऊन आपल्या घरी येतो. दिव्याच्या प्रकाशाला मात्र शिस्त नसते. बाजारच्या दिवशीची गर्दी जशी ज्याला जिकडे वाटेल तिकडे चालते, तसा तो. याच्या उलट शाळेतले लेझीमचे पथक आठवा. एकाचे पाऊल पडले की शंभरांचे पडते, तेही एकाच ठेक्यावर. लेसर म्हणजे प्रकाशाचे लेझीम पथक.

हे पथक उभे कसे राहते? अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ साली असे दाखविले की, ऊर्जा साठवून बसलेल्या अणूजवळून त्याच्याच मापाचा प्रकाश गेला, तर तो अणू आपली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने सोडून देतो, आणि तो प्रकाश आलेल्या प्रकाशाच्या पावलाला पाऊल लावून निघतो. एकाचे दोन, दोहोंचे चार. नळीच्या दोन्ही टोकांना समोरासमोर आरसे बसविले की प्रकाश पुन्हा पुन्हा येरझारा घालतो आणि वाढत जातो. एक आरसा थोडासा पारपुटा ठेवावयाचा. त्यातून जो किरण बाहेर पडतो तो लेसर. अट एकच. ऊर्जा घेऊन वरच्या पायरीवर बसलेले अणू जास्त हवेत, आणि खालच्या पायरीवर कमी हवेत.

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत अली जावन आणि त्यांचे सहकारी यांनी हेलियम आणि निऑन या वायूंचा लेसर केला. सगळीकडे गाजावाजा झाला. पण त्यांत एक मोठी अडचण होती. हेलियम-निऑन लेसरला वीज घालावी हजार भाग, आणि प्रकाश मिळावा एक भागाहूनही कमी. मोजमापाला तो उत्तम, पण कष्टाचे काम त्याच्याने व्हावयाचे नाही.

तरुण पटेलांनी बेल प्रयोगशाळेत प्रथम अशाच वायूंच्या लेसरांवर काम केले, आणि ते करता करता त्यांचे लक्ष वाया जाणाऱ्या ऊर्जेकडे गेले. श्रोतेहो, माझ्या मते त्यांच्या साऱ्या थोरवीचे मूळ या लक्ष जाण्यात आहे.

ही ऊर्जा वाया का जाते ते पाहा. आपल्याकडे नदीचे पाणी पंपाने शेतात चढवितात. समजा कोणी पंचगंगेचे पाणी पन्हाळ्याच्या माथ्यापर्यंत चढविले, तेथून ते एका लहानशा टप्प्यावर सोडून त्यावर एक चक्की फिरविली, आणि मग उरलेले सारे पाणी तसेच खाली दरीत वाहून जाऊ दिले. चक्की फिरली खरी, पण पंपाचे बिल किती आले? हेलियम-निऑनमध्ये असेच होते. अणूला सुमारे वीस पायऱ्या चढवावे लागते, आणि प्रकाश मिळतो तो जेमतेम एक-दोन पायऱ्या उतरतानाचा. उरलेला उतार वाया जातो.

मग जेथे मुळात चढावच थोडा आहे, अशी जागा नाही का? पटेलांनी ती शोधली अणूंत नव्हे, तर रेणूंच्या कंपनात.

कार्बन डायऑक्साइडचा रेणू डोळ्यांपुढे आणा. मधे कार्बनचा एक अणू, दोन्ही बाजूंना ऑक्सिजनचा एकेक. हुबेहूब कावड! मधे कावडवाला आणि दोन टोकांना दोन घागरी. कावड चालताना जशी लवते, तसा हा रेणूही लवतो. शिवाय दोन्ही घागरी एकाच वेळी बाहेर ताणल्या जाव्यात आणि आत याव्यात, असाही तो हलतो. आणि तिसऱ्या तऱ्हेने, एक बाजू आखडली की दुसरी ताणली जाते असाही झुलतो. या तिसऱ्या तऱ्हेच्या कंपनाची पायरी जमिनीपासून फार उंच नसते. रेणूला पाच पायऱ्या चढविले, तर त्यांतल्या दोन पायऱ्या उतरताना तो आपल्या हवा तो प्रकाश देतो. कोठे विसातल्या एक-दोन आणि कोठे पाचातल्या दोन!

हा प्रकाश मात्र डोळ्यांना दिसणारा नव्हे. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे लाल प्रकाशाच्या पंधरापटीहून अधिक. याला अवरक्त किरण म्हणतात. उन्हात तापलेला कातळ संध्याकाळी जी धग बाहेर टाकतो, ती याच कुळातली. आणि येथे माझ्या भूगोलाच्या तासाची गाठ पडली. हा वायू पृथ्वीची धग शोषून घेतो तो आपल्या याच कंपनांमुळे. शोषणे आणि सोडणे ही एकाच रेणूची दोन कामे आहेत. मी एकच काम शिकवीत होतो.

पटेलांनी १९६४ साली कार्बन डायऑक्साइडमधून अखंड वाहणारा लेसर किरण काढून दाखविला. वय सव्वीस. पण पहिला किरण दुबळा होता. नुसत्या कार्बन डायऑक्साइडमध्ये वीज सोडली तर त्याचे रेणू हव्या त्या पायरीवर पुरेसे चढत नाहीत. तेव्हा त्यांनी दुसऱ्या एका वायूची मदत घेतली. तो वायू म्हणजे हवेतला नायट्रोजन, आपला नत्रवायू.

शिक्षक मित्रांनो, येथे मी एक प्रयोग सांगतो. त्याला खर्च काही नाही. वर्गात दोन खुंट्यांना एक दोरी जराशी सैल बांधा. तिला सारख्या लांबीच्या दोन सुतळ्या बांधून त्यांना दोन सारखे दगड टांगा. एक दगड स्थिर ठेवा, दुसऱ्याला झोका द्या. थोड्या वेळाने हलणारा दगड मंदावतो, आणि कोणी हात न लावता दुसरा झुलू लागतो! पहिल्याचा सारा झोका दुसऱ्याने घेतलेला असतो. आता एक सुतळी बरीच आखूड करून पाहा. ही देवघेव नीट होत नाही. सारख्या तालाच्या दोघांतच ती सुखाने होते.

नायट्रोजनच्या रेणूत दोन सारखे अणू असतात. त्याला विजेने कंप दिला, तर तो कंप त्याला प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकता येत नाही. म्हणून तो ऊर्जा जपून बसतो. आणि गंमत अशी की, त्याच्या कंपनाची पायरी आणि कार्बन डायऑक्साइडची ती तिसऱ्या तऱ्हेची पायरी, यांच्या उंचीत शंभरात एकाचाही फरक नाही. दोन दगडांच्या सुतळ्या निसर्गाने जणू मापून बांधल्या आहेत. दोन रेणू एकमेकांवर आदळले की नायट्रोजनचा झोका कार्बन डायऑक्साइडला मिळतो. पटेलांनी हे फार चोख रीतीने दाखविले. त्यांनी वीज दिली ती फक्त नायट्रोजनला, आणि मग तो नायट्रोजन वीज न लावलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये नेऊन मिसळला. तरी लेसर चालला!

पुढे त्यात हेलियम मिसळला. हेलियमचे काम वेगळे. एस. टी. स्टँडवर गाडी लागली आहे, पण आधीचे उतारू दारातच उभे आहेत, तर नवे चढणार कसे आणि उतरणार कसे? खालच्या पायरीवर उतरलेले रेणू तेथेच घुटमळले तर लेसर अडतो. हेलियम त्यांना धक्के देऊन पायरी मोकळी करतो आणि साऱ्या वायूची उष्णता नळीच्या भिंतीकडे वाहून नेतो. त्या नळीभोवती पाणी खेळवितात ते याचसाठी. झाले! जो किरण वॅटच्या हजाराव्या भागात मोजावा लागत होता, तो १९६५ साल संपण्यापूर्वी शंभर वॅटच्या पुढे गेला. आज असा लेसर दिलेल्या विजेचा दहावा ते पाचवा हिस्सा प्रकाश म्हणून परत देतो.

येथे एक लहानशी पण मजेची गोष्ट सांगतो. ज्या काचेतून आपल्याला आरपार दिसते, ती काच या किरणाला भिंतीसारखी असते. उलट मिठाच्या स्फटिकातून तो सुखाने जातो. म्हणून सुरुवातीच्या अशा लेसरांना मिठाच्या स्फटिकाच्या खिडक्या बसवीत. आपल्या गगनबावड्याच्या पावसाळ्यात अशी खिडकी किती दिवस टिकली असती, याचा विचार आपणच करा.

या किरणाने पुढे जगात काय काय केले? १९६७ साली इंग्लंडमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी या किरणाच्या जोडीला ऑक्सिजनचा झोत सोडून एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापला. तेथून लेसरने पत्रा कापण्याचा धंदा सुरू झाला. आपल्या शिरोलीच्या किंवा उद्यमनगरच्या माणसाला त्याचे महत्त्व सांगावयास नको. अलीकडे पत्रा कापण्याच्या कामात काचतंतूच्या लेसरने पटेलांच्या लेसरला बरेच मागे सारले आहे. पण ॲक्रिलिक, लाकूड, कातडे, कापड, कागद यांना अजून हाच लागतो. आपल्या शरीरात पाणी फार, आणि पाणी हा किरण तत्काळ शोषून घेते. म्हणून शस्त्रवैद्यांना तो रक्त कमी सांडणाऱ्या सुरीसारखा वापरता येतो. १९७२ च्या सुमारास अमेरिकेत बोस्टनच्या शल्यविशारदांनी स्वरयंत्रावरील शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग रूढ केला. आणि आजच्या मोबाइल फोनमधल्या सर्वांत सूक्ष्म चिपा? त्या कोरण्यासाठी लागणारा प्रकाश मिळवितात तो कथिलाच्या बारीक थेंबांवर हाच किरण मारून, सेकंदाला पन्नास हजार थेंब या वेगाने.

पण पटेल स्वतः या कीर्तीवर विसावून राहिले नाहीत. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा लेसर सिद्ध केला की, ज्याची तरंगलांबी चुंबकाच्या साह्याने थोडी थोडी बदलता येई, आपण रेडिओवर स्टेशन लावताना काटा फिरवितो तशी. प्रत्येक वायू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा किरण शोषतो. काटा फिरवीत गेले, की कोणता वायू हजर आहे ते कळते. हे कळते कसे, तर आवाजाने! वायूने किरण शोषला की तो किंचित तापतो आणि फुगतो. किरण थांबत थांबत सोडला तर ते फुगणे आणि आखडणे म्हणजेच ध्वनी. तो सूक्ष्म मायक्रोफोनने टिपावयाचा. प्रकाशाचा असा ध्वनी होतो हे ग्रॅहम बेल यांनी १८८० सालीच पाहिले होते. टेलिफोनवाल्या बेलचे ते जुने निरीक्षण बेलच्याच नावाच्या प्रयोगशाळेत नव्वद वर्षांनी असे कामी आले.

त्या काळी एक मोठी चिंता होती. आवाजाहून वेगाने उडणारी विमाने उंच हवेत जो धूर सोडतील, त्यातल्या नायट्रिक ऑक्साइडने ओझोनचे छत्र विरेल काय? पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपले उपकरण बलूनला बांधून २८ किलोमीटर उंच पाठविले आणि तेथल्या नायट्रिक ऑक्साइडची मोजणी केली. तो वायू सूर्य उगवण्यापूर्वी जवळजवळ नसतो आणि दिवस चढतो तसा वाढतो, हे त्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. दूरसंचाराचा अभियंता वातावरणाच्या प्रश्नापर्यंत असा येऊन पोहोचला. भूगोलवाल्या मला त्याचे विशेष वाटते.

बेल प्रयोगशाळेत ते चढत चढत पदार्थविज्ञान संशोधनाचे कार्यकारी संचालक झाले. बत्तीस वर्षांनी, १९९३ साली, ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधनाचे उपकुलगुरू म्हणून गेले आणि १९९९ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. तेथे ते प्राध्यापक कोणत्या विषयाचे होते, ठाऊक आहे? पदार्थविज्ञानाचे, रसायनशास्त्राचे आणि विद्युत अभियांत्रिकीचेही! आपल्याकडे अकरावीच्या प्रवेशाला मुलगा आला की आपण त्याच्या कपाळावर एका शाखेचा शिक्का मारतो, आणि तो जन्मभर पुसत नाही. २००० साली, साठी उलटल्यावर, त्यांनी हवेतले अत्यल्प वायू ओळखणारी उपकरणे आणि नव्या तऱ्हेचे अवरक्त लेसर करणारी कंपनी काढली. मानसन्मान पुष्कळ झाले. १९८९ साली विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेचे मानाचे पदक, १९९५ साली अमेरिकन फिजिकल सोसायटीचे अध्यक्षपद, १९९६ साली अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक.

आता एक प्रश्न आपल्या मनात आला असेल. हे सारे झाले अमेरिकेत. बारामतीला काय मिळाले? प्रश्न रास्त आहे. जेथे साधने, पैसा आणि प्रश्न विचारण्याची मोकळीक होती तेथे हे काम झाले, हे मान्य केले पाहिजे. पण दुसरेही एक उदाहरण आहे. डॉ. दिलीप भवाळकर, मराठी माणूस, मध्य प्रदेशात सागर येथे जन्मलेले. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला पीएच. डी. झाले आणि १९६७ साली परत येऊन भाभा अणुसंशोधन केंद्रात लेसरच्या कामास लागले. पुढे इंदूरला लेसर आणि प्रवेगक यांच्यासाठी जे मोठे सरकारी केंद्र उभे राहिले, ज्याला आज राजा रामण्णा यांचे नाव आहे, त्याचे ते पहिले संचालक. एकाने बाहेर राहून जगाला साधन दिले, दुसऱ्याने येथे येऊन संस्था उभारली. दोघांचाही पाया आपल्याकडच्या महाविद्यालयांतच घातला गेला, आणि तेथे कोणा शिक्षकाने त्यांच्या प्रश्नांना वाटेला लावले नाही, असे मी समजतो.

आता त्या दुकानाकडे परत येतो.

मला खरे कारण कळले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी त्या मुलाला काय सांगितले होते? लाल ठिपका म्हणजेच लेसर. म्हणजे लाल ठिपका नसला की धोका नाही, असाच त्याचा अर्थ. आणि तो तर झाकण उघडे टाकून आत वाकून बघतो! तो न दिसणारा किरण चकचकीत वस्तूवरून उसळून डोळ्यावर आला, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा क्षणात भाजतो. डोळ्यांत पाणी आहे ना! दिसणाऱ्या झगझगीत उजेडापुढे पापणी आपोआप मिटते. न दिसणाऱ्यापुढे ती मिटणार कशी?

मी त्याच संध्याकाळी दुकानात गेलो. मुलाला आणि मालकांना माझी चूक सांगितली. आज आपल्या भागातली कितीतरी मुले असल्या यंत्रांवर काम करतात. त्यांच्या घरी हे भाषण ऐकले जात असेल, म्हणून तीच गोष्ट येथेही सांगतो. यंत्र चालू असताना झाकण बंदच ठेवावे. ते शोभेचे नाही. साधे ॲक्रिलिकसुद्धा या विखुरलेल्या किरणाला अडविते. या लेसरसाठी म्हणून मिळणारा चष्मा वापरावा. धूर बाहेर नेणारा पंखा बंद ठेवू नये. पी. व्ही. सी. या यंत्रावर कापू नये. त्याचा धूर विषारी असतो आणि यंत्रही गंजवितो. काम सोडून बाहेर जाऊ नये, कारण ॲक्रिलिक पेट घेते. आणि नळीच्या तारांत हजारो व्होल्ट असतात, तेव्हा मागचे झाकण उघडण्याचे काम जाणत्या माणसाचेच.

मुलाने सगळे ऐकून घेतले. झाकण लावले. मग म्हणाला, "सर, आणखी एक विचारू? ही नळी वर्ष-दोन वर्षांनी मऊ पडतीया. मग नवी घालावी लागतीया. जळत तर काय न्हाई म्हणता, मग संपतंय काय?"

या वेळी मी शहाणा झालो होतो. म्हटले, "मला ठाऊक नाही. उद्या आपण दोघे विचारू."

दुसऱ्या दिवशी बी. ए.चा विद्यार्थी आणि भूगोलाचा मास्तर असे दोघे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत गेलो. उत्तर मिळाले. विजेच्या माऱ्याने कार्बन डायऑक्साइडचे काही रेणू फुटतात, त्यांचे कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन होतात, आणि कावड मोडली की झोका कसला? शिवाय आतला हेलियम हळूहळू काचेतूनही निसटतो. मुलगा वहीत लिहून घेत होता. ती वही भूगोलाची होती. मी काही बोललो नाही.